जगज्जेत्यांचा हिशेब

१९६९ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत एका बंद दालनात दोन मुष्टियोद्धे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. एक रॉकी मार्सियानो. वय ४५, मैदान सोडून तेरा वर्षे झालेली, केस विरळ झाले म्हणून डोक्यावर टोप चढवलेला. दुसरा मुहम्मद अली. वय २७, ऐन उमेदीतला, पण सरकारशी भांडण झाल्यामुळे ज्याला खेळायला बंदी होती असा. या दोघांनी कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या. कोण जिंकणार हे त्यांनाही सांगितलेले नव्हते. निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले होते, आणि निकाल देणार होते गणकयंत्र. दोघांच्या जुन्या सामन्यांची बारीकसारीक माहिती त्या यंत्राला पुरवण्यात आली होती.

जानेवारी १९७० मध्ये हा चित्रपट लागला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिले की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. युरोपात जो चित्रपट दाखवला, त्यात मात्र अली जिंकला! यंत्र तेच, माहिती तीच, आणि निकाल दोन. जिकडे जो लाडका, तिकडे त्याच्या गळ्यात माळ. बिचारा मार्सियानो हा निकाल ऐकायला राहिला नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आपल्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो विमान अपघातात गेला होता.

याच्या आधी, १९६७ साली, हाच उद्योग चक्क नभोवाणीवर झाला होता. जुन्या-नव्या जगज्जेत्यांच्या काल्पनिक लढती गणकयंत्राने लावायच्या आणि निवेदकाने त्यांचे धावते वर्णन करायचे. त्यात अली हा जेफ्रिज नावाच्या एका जुन्या जगज्जेत्याकडून हरल्याचे लोकांनी ऐकले. अलीला एवढा राग आला की त्याने दहा लाख डॉलरांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. पुढे जी तडजोड झाली, तीतूनच तो चित्रपट निघाला.

हे सांगितले ते एवढ्याचसाठी, की हा मोठा की तो मोठा, हा वाद आपल्या गावच्या पारावरच चालतो असे नाही. आपल्याकडे कुस्तीचे मैदान सुटले की परतीच्या वाटेवर म्हातारी माणसे म्हणतात, आजचे कसले पैलवान, आमच्या वेळेला अमुक होता. पोरे म्हणतात, तो आज असता तर पाच मिनिटांत चितपट झाला असता. दोघांचेही खोटे ठरवता येत नाही, कारण ती जोड कधी लागायचीच नसते. मग अशा वेळी हिशेब करावा तरी कसा? मुष्टियुद्धाच्या हेवीवेट म्हणजे वजनदार गटातल्या चार-पाच जगज्जेत्यांच्या आधाराने आज हा हिशेब तुमच्यापुढे मांडून पाहणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दोरांनी वेढलेले एक चौकोनी रिंगण असते. दोघांच्या हातात जाड मोजे. तीन मिनिटांची एक फेरी, मग एक मिनिट विश्रांती. ठोसा बसून जो पडला तो पंचाने दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही तर बाद. कोणीच बाद झाला नाही तर गुणांवर निकाल. मोठ्या पदाची लढत पूर्वी पंधरा फेऱ्यांची असे. १९८० नंतरच्या दशकात ती बारांवर आली. वजनाचे गट पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या वरचा गट हा वजनदारांचा. त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून त्या गटाचा जगज्जेता म्हणजे साऱ्या जगातला सर्वांत बलदंड माणूस, असे लोक धरून चालतात. जगज्जेत्याला आव्हान स्वीकारून आपले पद पुन्हा पुन्हा पणाला लावावे लागते. हरला की पद गेले.

आता मार्सियानोचाच हिशेब आधी घेऊ, कारण तो दिसायला सर्वांत सोपा आहे. ४९ सामने, ४९ विजय, त्यांतले ४३ प्रतिस्पर्ध्याला बाद करून. हार शून्य. वजनदार गटाचा दुसरा कोणताही जगज्जेता अशी कोरी पाटी घेऊन कायमचा निवृत्त झाला नाही असे सांगत अनेक पिढ्या अमेरिकेत वाढल्या. हा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावचा. ते गाव जोडे बनवणाऱ्यांचे. त्याचे वडील इटलीहून आलेले, जोड्यांच्या कारखान्यातच कामाला. हा स्वतः या गटाच्या मानाने ठेंगणा, साडेपाच फुटांवर चारपाच इंच, वजन १८५ पौंडांच्या आसपास, हात आखूड. कौशल्यात बेताचाच म्हणावा लागेल. पण दम असा की पंधराव्या फेरीतही पहिल्या फेरीसारखा अंगावर चालून यायचा. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटकडून त्याने जगज्जेतेपद घेतले ते असेच. बारा फेऱ्यांनंतर तो गुणांत मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच ठोसा असा बसला की वॉलकॉट दोराला अडकून खाली घसरला. पुढे त्याने सहा वेळा पद राखले आणि एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मैदान सोडले.

आता शाळेतल्या गुरुजींनी एक काम करावे. फळ्यावर मार्सियानोने हरवलेल्या मोठ्या योद्ध्यांची नावे लिहावी, आणि नावापुढे त्या दिवशीचे त्यांचे वय. जो लुई, ३७. वॉलकॉट, ३८. एझार्ड चार्ल्स, ३२ आणि पुन्हा ३३. आर्ची मूर, चाळिशीच्या उंबरठ्यावर. मुलांना काही सांगावे लागणार नाही. त्या शून्याची किंमत त्यांना फळ्यावरच दिसेल. ते शून्य खोटे नाही. समोर जो आला त्याला मार्सियानोने पाडले, आणि ज्याच्याशी लढायला हवे त्याला टाळले असेही कोणी म्हणू शकत नाही. पण उगवत्या दमाचा, आपल्याच तोडीचा गडी त्याच्या वाट्याला आला नाही. त्यात त्याचा दोष काय? काहीच नाही. तरी हिशेबात ते धरावेच लागते.

त्या यादीतले पहिले नाव जो लुईचे. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आठव्या फेरीत मार्सियानोने लुईला दोरांबाहेर फेकले. लुई हे मार्सियानोचे लहानपणापासूनचे दैवत. लढत संपल्यावर मार्सियानो त्याच्या खोलीत गेला आणि रडला. आपल्याच दैवताला लोळवून आलेला माणूस का रडला, हे कळायला लुई कोण होता ते कळले पाहिजे. आणि लुई कळायला त्याच्याही मागे थोडे जावे लागेल.

१९०८ पर्यंत या पदावर गोऱ्यांचीच मिरास होती. जॉन सुलिव्हन हा जुन्या काळचा नामांकित जगज्जेता. कृष्णवर्णीयाशी आपण लढणारच नाही, असे तो उघड सांगे. टेक्ससच्या जॅक जॉन्सनने ही मिरास मोडली. टॉमी बर्न्स या जगज्जेत्याचा पाठलाग करीत तो थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेला, आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत, चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली तेव्हा जगज्जेता झाला. मग गोऱ्यांची लाज राखायला निवृत्त जेफ्रिजला त्याच्या शेतावरून उठवून आणले. अलीने ज्याच्यावरून दावा ठोकला तोच हा जेफ्रिज. ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात जॉन्सनने त्यालाही पंधराव्या फेरीत खलास केले. त्या रात्री अमेरिकेत जागोजाग दंगली झाल्या, माणसे मेली. जॉन्सन वाकणारा नव्हता. उंची कपडे, मोटारी, गोऱ्या बायका, आणि हरलेल्याला हसून चिडवणे. १९१३ मध्ये त्याला एका कायद्याखाली शिक्षा ठोठावली गेली आणि तो देशाबाहेर पळाला. ती शिक्षा किती अन्यायाची होती याची कबुली म्हणून की काय, २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ ७२ वर्षे झाली होती.

पण एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. जॉन्सन जगज्जेता असताना सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे असे तीन जबरदस्त कृष्णवर्णीय योद्धे आव्हान देत उभे होते. या तिघांपैकी एकालाही त्याने पदासाठी लढू दिले नाही. गोऱ्याशी लढण्यात पैसा जास्त होता. ज्या दारावर आपण इतकी वर्षे डोके आपटले, ते आत शिरल्यावर त्याने आपल्याच माणसांसाठी बंद ठेवले. १९१५ मध्ये हवानात तो हरला, आणि मग ते दार गोऱ्यांनी पुन्हा असे लावले की पुढची २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला जगज्जेतेपदासाठी लढता आले नाही. जॅक डेम्प्सीचे नाव तुम्ही ऐकले असेल; १९१९ ते १९२६ या काळातला मोठा लोकप्रिय जगज्जेता. त्याच्या काळात हॅरी विल्स नावाचा कृष्णवर्णीय आव्हानवीर वर्षानुवर्षे ताटकळला. ती लढत कधी झालीच नाही. तेव्हा कोणाही जगज्जेत्याचा हिशेब करताना तो कोणाशी लढला एवढे पाहून भागत नाही. कोणाला रिंगणाबाहेर ठेवले तेही पाहावे लागते.

अशा या बंद दारापाशी जो लुई आला. जन्म १९१४, अलाबामा राज्यातला. घर कापसाच्या शेतावर वाट्याने, म्हणजे आपल्याकडे अर्धेलीने म्हणतात तसे राबणारे. आजीआजोबांच्या पिढीने गुलामी पाहिलेली. पुढे कुटुंब पोटासाठी डेट्रॉइटला गेले. आई व्हायोलिनच्या शिकवणीसाठी पैसे देई आणि पोरगा ते तालमीत भरी, अशी गोष्ट सांगतात. त्याचे व्यवस्थापक आणि वस्ताद तिघेही कृष्णवर्णीय होते. जॉन्सनच्या पायी काय झाले हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी लुईला नियम घालून दिले. गोऱ्या बाईबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. पडलेल्या गड्यापुढे आनंद दाखवायचा नाही. खेळ स्वच्छ ठेवायचा. जिंकल्यावर चेहरा कोरा ठेवायचा, एवढी किंमत देऊन त्याला दारातून आत घेतले गेले. मला स्वतःला ही किंमत फार मोठी वाटते. ज्याच्या हातात एवढी ताकद, त्याला हसायची चोरी!

२२ जून १९३७ रोजी शिकागोत ब्रॅडॉकला बाद करून लुई जगज्जेता झाला. पण त्याला स्वतःला ते पद खरे वाटत नव्हते, कारण वर्षापूर्वी, जून १९३६ मध्ये, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले होते. श्मेलिंगला हरवीपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका, अशी त्याची भाषा होती. ती दुसरी गाठ २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर पडली. जर्मनीत हिटलरचे राज्य. त्याच्या प्रचारकांनी श्मेलिंगला आर्यवंशाचा पुतळा करून मिरवला होता. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षात नव्हता, त्याचा व्यवस्थापक तर ज्यू होता. पण त्या हवेत हे ऐकतो कोण? स्टेडियमवर सत्तर हजारांच्या घरात लोक होते. नभोवाणीला कान लावून बसलेले कोट्यवधी होते, आणि धावते वर्णन निरनिराळ्या भाषांत चालले होते. श्रोतेहो, आपल्या या नभोवाणीच्या इतिहासात एवढ्या लोकांनी एकाच वेळी ऐकलेला प्रसंग तोपर्यंत क्वचितच झाला असेल. आणि तो संपला किती वेळात? दोन मिनिटे आणि चार सेकंदांत. ज्यांनी यंत्राची कळ फिरवायला उशीर केला, त्यांना काहीच ऐकू आले नाही.

काल ज्या देशात लुईला अनेक खाणावळींत पंक्तीला बसू दिले नसते, त्या देशाने त्या रात्री त्याला आपला म्हटले.

त्याने पद पणाला लावले २५ वेळा, आणि पंचवीसही वेळा राखले. जून १९३७ ते मार्च १९४९, साडेअकरा वर्षांहून अधिक काळ. एवढा अखंड काळ हे पद कोणीही राखलेले नाही. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तर त्याने सात लढती दिल्या. वर्तमानपत्रवाले त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना दरमहाचे भुक्कड गडी म्हणून हिणवू लागले. यात तथ्य आहे. सगळेच काही तोलाचे नव्हते. पण त्यांतला सातवा बिली कॉन. लुईपेक्षा २५ पौंडांनी हलका, पण पायाने विजेसारखा. बारा फेऱ्या त्याने लुईला नाचवले. गुणांत तो पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या नुसता दूर राहिला असता तर जगज्जेता झाला असता. पण त्याला लुईला पाडायचे होते. तेराव्या फेरीत तो भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना पडला. हेही मोजायला हवे की लुई त्या रात्री हरत होता, आणि हरत असताना कसे थांबायचे, कशाची वाट पाहायची, हे त्याला ठाऊक होते.

मग युद्ध आले. १९४२ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये त्याने दोन लढती दिल्या आणि त्यांची बिदागी नौदलाच्या आणि सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली. ज्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या जात, त्या सैन्यात तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. जॅकी रॉबिन्सन नावाच्या एका तरुणाला काळा म्हणून अधिकाऱ्यांच्या शाळेत घेत नव्हते. लुईने आपले वजन खर्च करून तो मार्ग मोकळा करायला मदत केली. हाच रॉबिन्सन १९४७ मध्ये बेसबॉलच्या मोठ्या संघांतली वर्णाची भिंत फोडणारा झाला. आणि लुईच्या नशिबी काय आले? कराची थकबाकी. पैसा हातात टिकला नव्हता, व्याज चढत गेले, सरकारचा तगादा सुटेना. म्हणून निवृत्त झालेला हा माणूस पुन्हा रिंगणात उतरला, १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सकडून हरला, आणि पुढच्या वर्षी मार्सियानोपुढे पडला. मार्सियानो त्या खोलीत का रडला, ते आता सांगायला नको.

अलीबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकले असेल, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९६० ला रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक, १९६४ ला सनी लिस्टनला हरवून जगज्जेता, मग धर्मांतर आणि नवे नाव. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला. पद गेले, परवाना गेला, साडेतीन वर्षे गेली. तीही पंचविसाव्या वर्षापासूनची, जी कोणत्याही पैलवानाची सोन्याची वर्षे. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण वर्षे परत कोण देणार?

अलीच्या नावावर पाच पराभव आहेत. मार्सियानोच्या शून्यापुढे पाच! पण पुन्हा त्या फळ्याकडे चला. अलीपुढे कोण उभे राहिले? लिस्टन, फ्रेझियर तीन वेळा, नॉर्टन तीन वेळा, फोरमन. किन्शासा येथे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी तो जॉर्ज फोरमनपुढे गेला तेव्हा फोरमन २५ वर्षांचा, ४० लढतींत ४० विजय मिळवलेला. ज्या फ्रेझियरने आणि नॉर्टनने अलीला हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने दोन-दोन फेऱ्यांत उडवलेले. अली ३२ वर्षांचा. तो दोरांना टेकून राहिला, मार खात राहिला, आणि फोरमनचे हात थकले तेव्हा आठव्या फेरीत त्याला पाडले. असा एक विजय माझ्या मते दहा शून्यांच्या बरोबरीचा आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या तोलाने मोजायचे तर अलीला जोड नाही.

एक डाग मात्र सांगितला पाहिजे. बंदीच्या काळात फ्रेझियरने अलीला पैशाची मदत केली होती, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता. त्याच फ्रेझियरला अलीने पुढे साऱ्या जगापुढे माकड म्हणून हिणवले. तिकिटे खपवण्याची युक्ती, म्हणे. फ्रेझियरला ते आयुष्यभर लागून राहिले, आणि लागावे असेच ते होते.

जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता. दिल्लीत त्याने आपल्या सैन्यातल्या कौरसिंग या पंजाबी मुष्टियोद्ध्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत दिली. ज्यांनी ती पाहिली त्यांनी ती जन्मभर सांगितली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लास वेगासमध्ये जे झाले ते मात्र कोणी आवडीने सांगत नाही. आता त्याच रात्रीकडे आणि लॅरी होम्सकडे वळतो, कारण माझ्या मते या सबंध हिशेबात सर्वांत अन्याय कोणावर झाला असेल तर तो यावर.

होम्स पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. लहानपणी जोड्यांना पॉलिश केले, मोटारी धुतल्या. मोठा झाल्यावर अलीच्या तालमीत त्याच्याशी सराव करायला नोकरीला राहिला. म्हणजे रोज अलीचे ठोसे खायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. १९७८ च्या जूनमध्ये केन नॉर्टनशी पंधराव्या फेरीपर्यंत बरोबरीत चाललेली लढत त्याने एका गुणाने जिंकली आणि जगज्जेता झाला. डाव्या हाताचा त्याचा सरळ ठोसा हा या गटातला सर्वोत्तम असे जाणकार सांगतात. १९७९ मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला असे पाडले की दुसरा कोणी उठला नसता. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला.

आणि मग ३८ वर्षांचा, पुरता संपलेला अली त्याच्यापुढे आला. दहा फेऱ्या होम्स त्याला मारत होता आणि मधूनमधून पंचाकडे पाहत होता, की थांबवा हे. दहाव्या फेरीनंतर अलीच्या वस्तादाने लढत सोडली. होम्स अलीच्या खोलीत गेला आणि रडला.

बघा, तीच गोष्ट पुन्हा घडली. मार्सियानो म्हाताऱ्या लुईला पाडून रडला. होम्स म्हाताऱ्या अलीला मारून रडला. पण मार्सियानोला लोकांनी डोक्यावर घेतले, आणि होम्सला माफ केले नाही. का? मार्सियानो गोरा होता हे एक कारण आहेच, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरे असे, की लुई अबोल होता, त्याची जागा भरून निघण्यासारखी वाटली. अली बोलका, देखणा, साऱ्या जगाचा लाडका. त्याच्या जागी जो येईल तो लोकांना नोकरासारखा वाटणार. होम्स होताही नोकरच. तिसरे कारण होम्सच्या जिभेत होते. त्याच्याकडे येऊच.

त्याने वीस वेळा पद राखले. लुईचे पंचवीस सोडले तर सलग एवढे तोपर्यंत कोणाचेच नव्हते. त्याच्या पुढ्यात आलेल्यांत तरुण गडी पुष्कळ होते, हे फळ्यावर लिहावे. ४८ लढती, ४८ विजय झाले आणि एक विजय मिळाला की मार्सियानोच्या आकड्याशी बरोबरी होणार होती. ती लढत २१ सप्टेंबर १९८५ रोजी लागली. मार्सियानो आपली शेवटची लढत जिंकला त्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे पुरी होत होती. समोर मायकेल स्पिंक्स, खालच्या वजनी गटातून वर आलेला. पंधरा फेऱ्यांनंतर निकाल स्पिंक्सच्या बाजूने गेला. मार्सियानोचे नातेवाईक प्रेक्षकांत होते. चिडलेला होम्स वार्ताहरांपुढे बोलून गेला की मार्सियानोला माझा लंगोट उचलण्याची लायकी नव्हती. नंतर त्याने क्षमा मागितली, पण शब्द सुटला तो सुटला. सात वर्षांच्या वीस लढती लोक विसरले आणि हे एक वाक्य लक्षात ठेवले.

पुढचा काळ मी भरभर सांगतो. माइक टायसन १९८६ मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, एवढ्या लहान वयात या गटात दुसरा कोणी नाही. १९८८ मध्ये त्याने स्पिंक्सला ९१ सेकंदांत उडवले. १९९० मध्ये तोक्योत एका अनपेक्षित प्रतिस्पर्ध्याकडून तो हरला, आणि नंतर बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. त्याची दहशत मोठी होती, पण ती तीन-चार वर्षांची. युक्रेनच्या व्लादिमीर क्लिच्कोने २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षे राज्य केले, सलग अठरा वेळा पद राखले. पण आता जगज्जेतेपद देणाऱ्या संस्थाच चार झाल्या होत्या. चौथे पद बरीच वर्षे त्याच्या थोरल्या भावाकडे, आणि आपण एकमेकांशी लढणार नाही असा शब्द दोघांनी आईला दिलेला. आईच्या शब्दाला मान दिला हे उत्तमच. पण मग खरा राजा कोण, हे कोणाला कळणार? लुईच्या वेळी गादी एकच होती, म्हणून त्याचे पंचवीस हे खणखणीत नाणे आहे.

तुम्ही मला एकाचे नाव विचाराल, तर मी लुईचे सांगेन. अलीने त्याच्याहून कठीण लढती जिंकल्या, हे मान्य. पण लुईने एकच गादी सर्वांत जास्त काळ राखली, वारंवार पणाला लावली, आणि जे दार जॉन्सनने उघडून आपल्यामागे लावून घेतले होते ते उघडे ठेवून तो गेला. त्याच्यानंतरचे चार्ल्स आणि वॉलकॉट हे दोघेही जगज्जेते कृष्णवर्णीयच होते. त्याच्या खालोखाल अली. आणि मार्सियानो व होम्स यांच्यात निवड करायची झाली, तर ब्रॉक्टनच्या लोकांची क्षमा मागून, मी होम्सच्या बाजूला बसेन.

त्या दोघांची, म्हणजे लुईची आणि होम्सची, एक शेवटची गाठ पडली ती अशी. ११ एप्रिल १९८१ रोजी लास वेगासमध्ये होम्सने ट्रेव्हर बर्बिकशी लढत देऊन पद राखले. त्याच बर्बिकने डिसेंबरमध्ये अलीला त्याच्या अखेरच्या लढतीत हरवले, आणि पाच वर्षांनी त्याच बर्बिकला पाडून टायसन जगज्जेता झाला. एप्रिलच्या त्या रात्री चाकाच्या खुर्चीत बसून जो लुई लढत पाहायला आला होता. अखेरची बरीच वर्षे तो तिथल्याच एका जुगारगृहात आल्या-गेल्याचे स्वागत करायच्या कामावर होता. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, तो वारला. अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत नेहमीचा नियम बाजूला ठेवून त्याला जागा देण्यात आली. दफनाच्या खर्चाचा काही भार श्मेलिंगने उचलला.